जुने सुपरहिरोपट : जुनं दिसणं वेगळं, उरकलेलं दिसणं वेगळं

निशाचर

जुन्या सुपरहिरोपटांचा विषय निघाला की "त्या काळी तंत्रज्ञान नव्हतं, म्हणून तसं दिसतं" हे वाक्य ठरलेलं. कौतुक करणारेही हेच म्हणतात, नावं ठेवणारेही हेच. मला ते अर्धवट वाटतं. चित्रपट कधीचा आहे आणि तो किती निगुतीने केलाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्मितीमूल्यांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा पहिलीवरूनच दुसरीचा निकाल लावून टाकतो.

१९७८ चा 'सुपरमॅन' आणि १९८७ चा 'सुपरमॅन ४' लागोपाठ बघा. नायक तोच, ख्रिस्तोफर रीव्ह. पोशाख तोच. दोन्ही मुख्यतः इंग्लंडमधल्या स्टुडिओत घडलेले. मधे नऊ वर्षं गेली, म्हणजे हाताशी असलेलं तंत्र पुढेच गेलं होतं. तरी नंतरचा चित्रपट आधीच्यापेक्षा कितीतरी केविलवाणा दिसतो. कारण उघड आहे. कॅनन कंपनीने सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरचं ठरलेलं बजेट कापून १ कोटी ७० लाखांवर आणलं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीबाहेरचं न्यूयॉर्क मिल्टन कीन्समध्ये उरकलं. कॅमेऱ्याकडे झेपावत येणारा सुपरमॅनचा एकच शॉट मागचं चित्र बदलून पुन्हा पुन्हा वापरला. चंद्रावरच्या मारामारीत तर मागचा काळा पडदा कापड म्हणूनच ओळखू येतो. यात काळाचा दोष कुठे आहे?

आता १९७८ कडे या. ब्लू स्क्रीन म्हणजे नंतर काढून त्या जागी दुसरं चित्र बसवायचं असतं असा निळा पडदा. त्याच्यासमोर निळा पोशाख म्हणजे सुरुवातीलाच पंचाईत. पडद्याचा निळा काढायला जावं तर अंगावरचाही जातो. म्हणून तशा शॉटसाठी पोशाख हिरवटसर निळ्या छटेचा केला आणि नंतर रंग दुरुस्त करून घेतला. खरी करामत मात्र झोरान पेरिसिच यांच्या झॉप्टिक पद्धतीची आहे. फ्रंट प्रोजेक्शनमध्ये नटाच्या मागे परावर्तक पडदा असतो आणि कॅमेरा व प्रोजेक्टर अर्धपारदर्शक आरशाच्या मदतीने एकाच अक्षावर आणलेले असतात. त्यामुळे नटाची पडद्यावर पडणारी सावली त्याच्याच मागे लपते. पेरिसिच यांनी दोन्हींवर झूम लेन्स बसवून त्या एकमेकींशी जोडल्या. दोन्ही झूम एकदम सरकले की मागचं चित्र कॅमेऱ्याला तेवढंच दिसतं, पण पुढे लटकलेला माणूस मोठा किंवा लहान होत जातो. म्हणजे रीव्ह जागेवरच आहे आणि पडद्यावर तो आपल्याकडे उडत येतोय.

आणि या सगळ्यावर रीव्हचं अंग. तो स्वतः ग्लायडर उडवायचा. वळण घेताना खांदा आधी झुकतो, मग कंबर, मग पाय. दोरीला टांगलेला माणूस आणि उडणारा माणूस यात फरक पडतो तो तिथे. नुसत्या पद्धतीने हे साधलं नसतं.

एक शॉट तर मी कितीही वेळा बघू शकते. सुपरमॅन गच्चीवरून उडून जातो, नायिका लोईस भारावलेली आत येते, दार वाजतं आणि दारात क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅनच, उभा. मधे कट नाही! उडून जाणारा सुपरमॅन आधी चित्रित करून मागे प्रोजेक्ट केलेला होता, म्हणून तोच नट दाराशी येऊन उभा राहू शकला. ही युक्ती कथेच्या कामाची आहे, कारण हे दोघे एकच आहेत हे आपल्याला माहीत आहे आणि लोईसला नाही. नेमका तोच ताण एका सलग शॉटमध्ये धरलाय. मी निर्मितीमूल्य म्हणते ते याला.

मी स्वतः जुना चित्रपट बघताना आधी उजेड बघते. पुढच्या माणसावरचा उजेड आणि मागच्या जागेतला उजेड एकाच दिशेने येतोय का, मागे ढगाळ असताना चेहरा कडक उन्हात तर नाही ना. मग वजन. उडी मारण्याआधी शरीर दबतं का, उतरल्यावर गुडघा वाकतो का, कपड्याला झोळ पडतो का. आणि मग हे की दिग्दर्शकाला आपल्या साधनांची मर्यादा माहीत होती का. ज्याला माहीत असते तो शॉट वेळेवर कापतो, अंधार योग्य जागी ठेवतो, नको तिथे कॅमेरा नेत नाही.

तुम्ही काय बघता? कुठला जुना सुपरहिरोपट आजही डोळ्याला पटतो, आणि कुठला तेव्हाही पटला नसेल असं वाटतं?

चौथी_भिंत

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत.

प्रेक्षकाने पडद्यामागचे कष्ट का मोजायचे? झॉप्टिक पद्धत कितीही हुशारीची असो, मला पडद्यावर जे दिसतं त्यावरच मी मत देणार. आणि १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्येही न पटणारं बरंच आहे. शेवटी धरण फुटतं तो भाग घ्या. पाणी बघितल्याबरोबर कळतं की हे सगळं मिनिएचर, म्हणजे छोटी प्रतिकृती, आहे. इतक्या प्रचंड भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याचे थेंब एवढे मोठे दिसतात? तुम्ही 'सुपरमॅन ४' ला जे माप लावलंत तेच इथेही लावा.

निगुतीने केलेलं असलं तरी फसलेला शॉट फसलेलाच असतो.

निशाचर

@चौथी_भिंत, धरणाबद्दल पूर्ण मान्य. तो शॉट मलाही पटत नाही. डेरेक मेडिंग्ज यांच्यासारखा मिनिएचरचा उस्ताद असूनही तिथे पाण्याने दगा दिला. इमारत, पूल, गाडी सगळं लहान करता येतं. पाणी आणि आग लहान करता येत नाहीत, कारण थेंबाचा आणि ज्वाळेचा आकार निसर्गाने ठरवलेला. जास्त वेगाने चित्रण करून ते संथ दाखवलं की बरंच निभावतं, पण थेंब शेवटी थेंबच राहतो.

मात्र माझं म्हणणं असं की हा फसलेला शॉट आणि 'सुपरमॅन ४' मधला तोच तो फिरवून वापरलेला शॉट, या दोन्हींना "वाईट" एवढं एकच नाव देऊन भागत नाही. पहिल्यात जे साधायचं होतं ते साधनांनी साधू दिलं नाही. दुसऱ्यात काही साधायचा प्रयत्नच नाही. आणि हा फरक प्रेक्षकाला पडद्यावरच दिसतो, त्यासाठी पडद्यामागचं काही वाचावं लागत नाही. धरणाच्या त्याच प्रसंगाभोवतीचे शॉट बघा. खडक, धूळ, कॅमेऱ्याची उंची, सगळं विचार करून ठेवलंय. त्या माळेत एक मणी फुटका आहे, इतकंच.

मिणमिणता_दिवा

निशाचर, तुमच्या मुद्द्याला बळ देणारी आणखी जुनी जोडी देतो.

१९४१ साली रिपब्लिक स्टुडिओने कॅप्टन मार्व्हलची बारा भागांची मालिका काढली, चित्रपटगृहात दर आठवड्याला एक भाग दाखवायचे तशी. त्यात हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर या भावांनी माणसाच्या आकाराचा पुतळा करून तारांवरून खऱ्या मोकळ्या आकाशात सोडला. उडणं पुतळ्याचं, आणि उडी घेणं, उतरणं, लोकांवर झेप टाकणं हे स्टंट करणाऱ्या डेव्हिड शार्पचं. दोन्ही अशा जागी जोडलंय की सांधा सहज सापडत नाही. ऊन खरं, सावली खरी, मागचे डोंगर खरे.

मग १९४८ साली कोलंबियाने सुपरमॅनची मालिका काढली, कर्क अ‍ॅलिन नायक. त्यात सुपरमॅन उडायला लागला की चक्क त्याचं कार्टून होतं! हाडामांसाचा माणूस उडी मारतो आणि पुढच्या क्षणी आकाशात हाताने काढलेली आकृती.

सात वर्षं नंतरची गोष्ट आहे ही. कृष्णधवल दोन्ही, मालिका दोन्ही, घाईगर्दीत काढलेल्या दोन्ही. पण पहिलीत कुणीतरी बसून विचार केला की उडणारी वस्तू उन्हात असली पाहिजे. बस, तेवढ्या एका निर्णयावर ती आजही तगून आहे.

अल्फा_चॅनल

मी कंपोझिटिंगचं काम करते, म्हणजे वेगवेगळं चित्रित झालेलं एका फ्रेममध्ये बेमालूम बसवणं. म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही. थोडं लांबेल.

आज आम्ही संगणकावर एका शॉटमध्ये कितीही थर चढवले तरी मूळ चित्राचा कस कमी होत नाही. संगणकाआधी हे काम ऑप्टिकल प्रिंटरवर व्हायचं. प्रोजेक्टर आणि कॅमेरा समोरासमोर, आणि चित्रित झालेल्या फिल्मचं पुन्हा फिल्मवर चित्रण. प्रत्येक थर म्हणजे फिल्मची आणखी एक पिढी. दर पिढीला ग्रेन, म्हणजे फिल्मचा कणीदारपणा, वाढतो, काळा रंग फिकुटतो, कडा जाड होतात. म्हणून जुन्या चित्रपटात युक्तीचा शॉट सुरू होण्याच्या क्षणभर आधी चित्र अचानक भरड दिसायला लागतं. तुम्हाला कारण माहीत नसलं तरी डोळा सावध होतो. हे टाळायला इफेक्टचे शॉट व्हिस्टाव्हिजनवर घेण्याची पद्धत होती. त्यात ३५ मिमी फिल्म आडवी धावते आणि एका फ्रेमला नेहमीच्या दुप्पट जागा मिळते. म्हणजे पुढे होणारी झीज आधीच हिशेबात धरलेली.

झॉप्टिकचं मोल मला इथे वाटतं. फ्रंट प्रोजेक्शनमध्ये पुढचा माणूस थेट मूळ निगेटिव्हवर उतरतो. मागचं चित्र एक पिढी जुनं असतं, पण चेहरा ताजा राहतो, आणि कापाकापीमुळे कडेला येणारी काळी रेघ इथे नसते कारण काही कापलेलंच नाही. रीव्हचा हसरा चेहरा हवेत असतानाही तितकाच जिवंत वाटतो यामागे हे साधं कारण आहे. शिवाय छायालेखक जेफ्री अन्सवर्थ यांचा मऊ, धुकट उजेड. सगळ्या चित्रपटालाच तो दुधी पोत असल्यामुळे युक्तीचे शॉट वेगळे पडत नाहीत. सुपरमॅनच्या जन्मग्रहावरचे, क्रिप्टनवरचे, झगमगणारे पोशाखही फ्रंट प्रोजेक्शनच्याच परावर्तक कापडाचे होते. एक साधन हाती आलं की ते आणखी कुठे कामी येईल हे शोधणारी माणसं होती ती.

आता उलट बाजू. यातलं सगळं चित्रपटगृहातल्या प्रिंटसाठी बेतलेलं होतं. निगेटिव्हपासून तुमच्या समोरच्या प्रिंटपर्यंत फिल्म आणखी काही पिढ्या उतरायची आणि त्यात तारा, पॅचेस, रंगाचे लहानसहान फरक विरून जायचे. आज मूळ निगेटिव्ह स्कॅन करून ४के मध्ये दाखवतात तेव्हा जे कधी कुणाला दिसणारच नव्हतं ते दिसायला लागतं. मग आपण म्हणतो, बघा, तार दिसतेय, किती ढिलाई. ढिलाई नव्हती ती. ज्या अंतरावरून बघायचं होतं त्या अंतराचा तो हिशेब होता.

@चौथी_भिंत, म्हणून "मला पडद्यावर दिसतं ते" यावर माझा एक प्रश्न आहे : कुठल्या पडद्यावर?

पिवळी_छत्री

वरच्या चर्चेत पैसा हे उत्तर फार लवकर आलंय असं वाटतं. पैसा असूनही उरकलेलं दिसू शकतं.

१९८९ चा 'बॅटमॅन' घ्या. अँटन फर्स्ट यांनी पाइनवूड स्टुडिओच्या आवारात बॅटमॅनच्या गॉथम शहराचे रस्ते उभे केले आणि त्या कलादिग्दर्शनाला ऑस्करही मिळालं. त्या शहराला वय आहे. भिंतींना काजळी, पाइपांतून वाफ, गॉथिक कमानींवर कारखान्यांचं लोखंड चढलेलं. एकही इमारत शेजारणीशी जुळत नाही आणि तरी सगळी एकाच रोगट शहराची वाटतात. मिनिएचर तिथेही ओळखू येतात. चंद्रासमोर थांबणारं बॅटविंग, म्हणजे बॅटमॅनचं विमान, हे मॉडेल आहे हे लहान मूलही सांगेल. पण तो क्षण चित्रासारखाच रचलाय, त्यामुळे खुपत नाही.

आणि १९९७ चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' बघा. खर्च कितीतरी पट जास्त, सेट अजस्र. पण सगळीकडे निऑन, सगळीकडून रंगीत उजेड, कशावरच धूळ नाही. बर्फ प्लास्टिकचा वाटतो कारण त्याच्यावर पडणारा उजेड थंड नाही, त्याला ओल नाही, पाय पडल्यावर तो दबत नाही. इथे पैसा कमी पडला असं कुणी म्हणू शकणार नाही.

दुसरं म्हणजे हेतू. १९६६ च्या अ‍ॅडम वेस्टच्या 'बॅटमॅन'मधला शार्क रबरी आहे. तो रबरीच दिसायला हवा होता. त्या चित्रपटाचे रंग, वाकडे कॅमेरा कोन, गंभीर चेहऱ्याने म्हटलेले संवाद, सगळं एका सुरात आहे. १९९० च्या 'डिक ट्रेसी'त तर व्हित्तोरिओ स्तोरारो यांनी मोजकेच रंग वापरून छापील चित्रकथेचं जग उभं केलं. तो सुपरहिरो नाही, पण घराणं तेच. मागची शहरं उघडउघड रंगवलेली आहेत आणि पाहताना त्यांचा आनंदच होतो. खऱ्यासारखं दिसणं हे या चित्रपटांचं काम नव्हतंच. तेव्हा उजेड आणि वजन याच्याही आधी मी विचारेन, की हा चित्रपट स्वतःच्या सुरात राहतो का?

निशाचर

पिवळी_छत्री, हा मुद्दा फार मोलाचा. सूर हा शब्द मी घेतेच. 'बॅटमॅन अँड रॉबिन'बद्दल मात्र कुणी म्हणेल की तोही स्वतःच्या सुरात आहे, तोही चित्रकथेसारखा भडक आहे. मला वाटतं त्याचा सूर प्रसंगागणिक सुटतो. बॅटमॅनचा नोकर आल्फ्रेड, त्याच्या आजारपणाचे प्रसंग एका चित्रपटातले आणि बर्फावरची घसरगुंडी दुसऱ्यातली. १९६६ वाल्यांनी एकदाही पापणी लववली नाही.

चौथी_भिंत

@अल्फा_चॅनल, कुठल्या पडद्यावर हा प्रश्न रास्त आहे. प्रिंटचा भाग मला माहीत नव्हता आणि तारांचा मुद्दा मी सोडतो.

पण मग संगणकाच्या सुरुवातीच्या काळाचं काय? तिथे पिढ्यांची झीज नाही, तारा नाहीत. २००२ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये पीटर पहिल्यांदा छपरांवरून उड्या मारत सुटतो तो भाग मला तेव्हाही रबरी वाटला होता. २००३ चा अँग लीचा 'हल्क' तर विचारूच नका. हे तरी "तंत्रज्ञान नव्हतं" म्हणून सोडायचं की नाही?

अल्फा_चॅनल

२००२ आणि २००४ चे दोन स्पायडर-मॅन ही या बाबतीतली सगळ्यात बोलकी जोडी आहे. दिग्दर्शक सॅम रेमी, इफेक्टची धुरा जॉन डायक्स्ट्रा यांच्याकडे, काम सोनीच्या इमेजवर्क्सचं. मधे दोनच वर्षं.

पहिल्यात छपरांवरचा भाग रबरी का वाटतो ते सांगते. उडी घेताना शरीर जमिनीला जितका जोर लावतं तितका तो लावताना दिसत नाही आणि हवेत असताना वेग भलत्याच ठिकाणी बदलतो. त्वचा, कापड यांचं रेंडरिंग, म्हणजे संगणकाने तयार केलेलं चित्र, त्यामानाने ठीक आहे. दोष हालचालीचा आहे. त्याच चित्रपटात इतर काळजी किती घेतली होती बघा. खलनायक गॉब्लिन हिरवा, म्हणून त्याला ब्लू स्क्रीनसमोर घ्यायचा. स्पायडर-मॅनच्या पोशाखात निळा, म्हणून त्याला ग्रीन स्क्रीनसमोर. दोघं एकाच फ्रेममध्ये मारामारी करतायत आणि चित्रित वेगवेगळे झालेत. १९७८ मध्ये सुपरमॅनच्या निळ्याने जो पेच घातला होता तोच चोवीस वर्षांनी पुन्हा दत्त म्हणून उभा.

दुसऱ्या चित्रपटात डॉक ऑक या खलनायकाचे जोडलेले हात आले. ते नुसते संगणकाचे नव्हते. अनेक शॉटमध्ये आल्फ्रेड मोलिनाच्या अंगावर खरे यांत्रिक हात होते आणि एकेक हात चालवायला कळसूत्रीवाल्यांची टोळी. त्यामुळे संगणकावर काम करणाऱ्यांसमोर खरा नमुना होता : धातूवर उजेड कसा घसरतो, हाताच्या ओझ्याने खांदे कसे मागे खेचले जातात. चेहऱ्यांसाठी पॉल डेबेवेक यांचं लाइट स्टेज तंत्र वापरलं. त्यात नटाचा चेहरा शेकडो दिशांनी येणाऱ्या उजेडात टिपून ठेवतात, म्हणजे नंतर त्याच्यावर हवा तो उजेड पाडता येतो. इमारतीवरच्या आणि आगगाडीवरच्या मारामारीत डिजिटल चेहरे आहेत आणि ते खपून जातात. ऑस्कर उगीच नाही मिळालं.

आणि सगळ्यात चांगलं काय, तर शस्त्रक्रियेच्या खोलीतला प्रसंग. हात जागे होतात आणि डॉक्टरांवर तुटून पडतात. तिथे रेमी बरंचसं सावल्यांवर, ओरबाडणाऱ्या नखांवर आणि भेदरलेल्या चेहऱ्यांवर निभावून नेतो. जवळ इतकं ताकदीचं साधन असताना ते कमी वापरायचं, याला छाती लागते.

'हल्क'बद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार! आयएलएम या इफेक्ट कंपनीने तेव्हा हल्कच्या त्वचेवर जे काम केलं ते फार वरच्या दर्जाचं होतं. उजेड कातडीच्या आत शिरून पसरतो आणि बाहेर येतो, हे त्यांनी भर उन्हातल्या वाळवंटात दाखवलं. अंधार नाही, पाऊस नाही, धूर नाही. कुठेही लपायला जागा न ठेवता. हल्कच्या हालचालींसाठी अँग ली स्वतः मोशन कॅप्चरचा, म्हणजे हालचाल संगणकात टिपून घेणारा, पोशाख चढवून उभे राहिले. शिवाय चित्रकथेच्या पानासारखी पडद्याची चौकटीत विभागणी. फार धाडसी चित्रपट आहे तो.

साधा_प्रेक्षक

वाचतोय. खूप नवीन कळतंय. एक व्यवहाराचा प्रश्न : हे सगळं घरच्या टीव्हीवर नीट दिसायचं असेल तर काय करावं? माझ्याकडे जुने चित्रपट नाटकाच्या शूटिंगसारखे गुळगुळीत दिसतात. सेट तर सरळ सेट वाटतात.

अल्फा_चॅनल

@साधा_प्रेक्षक, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करून घालतो आणि हालचाल गुळगुळीत होते. जुन्या इफेक्टची त्याने वाटच लागते, कारण मिनिएचर आणि मॅट पेंटिंग, म्हणजे रंगवलेली पार्श्वभूमी, यांना त्या २४ फ्रेमच्या किंचित धूसरपणाचा मोठा आधार असतो. शार्पनेस खाली आणा. पिक्चर मोडमध्ये सिनेमा किंवा फिल्ममेकर असं काही असेल तर ते निवडा.

आवृत्तीकडेही लक्ष ठेवा. काही डिस्कवर ग्रेन इतका घासून काढलेला असतो की चेहरे मेणाचे वाटतात. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेली आवृत्ती तर टाळाच. १९७८ चा 'सुपरमॅन' रुंद पडद्यासाठी रचलेला आहे, त्याच्या दोन्ही बाजू कापल्या की अर्धी रचना जाते. आणि २००० नंतरच्या दशकातल्या चित्रपटांचे इफेक्ट बहुतेक २के मध्ये रेंडर झालेले आहेत. डिस्कवर ४के लिहिलेलं असलं तरी ते शॉट मोठे करून घेतलेले असतात. तिथे थोडा मऊपणा दिसला तर तो तसाच आहे, त्यावरून निर्मितीचा दर्जा ठरवू नका.

मिणमिणता_दिवा

'मिस्टर इंडिया'चं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? १९८७, म्हणजे 'सुपरमॅन ४' चंच साल.

पीटर परेरा यांचे इफेक्ट, बाबा आझमी यांचं छायाचित्रण. मला त्यातली सगळ्यात हुशार गोष्ट पटकथेत दिसते : अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो. त्या एका नियमाने किती प्रश्न सुटले बघा. नायक पडद्यावर दिसू शकतो. तो कधी दिसेल आणि कधी नाही हे प्रकाशयोजनेच्या हाती येतं. आणि ज्यावर महागडी युक्ती लागली असती ते काम एका लाल काचेवर होतं. बाकी भार नटांनी उचलला. समोर कुणीही नसताना श्रीदेवीने जी नजर लावलीय, जो स्पर्शाचा भास उभा केलाय, त्यामुळे तिथे कुणीतरी आहे हे आपल्याला पटतं. हवेत तरंगणाऱ्या वस्तू डोळा रोखून बघितल्या तर कळतात. पण बघणारा डोळा रोखतच नाही, कारण माणसं तिकडे खरोखर दचकून बघतायत.

साधनं तुटपुंजी असताना लेखनानेच इफेक्ट सोपा करून दिला, याचं याहून चांगलं उदाहरण मला आठवत नाही.

निशाचर

वा! नियम असा बांधायचा की त्यातून शॉट आपोआप शक्य व्हावा. हे माझ्या यादीत नव्हतं आणि असायलाच हवं होतं.

याच दिशेचं एक त्यानंतरचं उदाहरण देते. २००८ चा 'आयर्न मॅन'. स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने खरं चिलखत बनवलं, आयएलएमने डिजिटल बनवलं, आणि एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना कुठलं कुठे संपतं ते कळत नाही. पण माझ्या मते खरा इफेक्ट म्हणजे शिरस्त्राणाच्या आतला रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा चेहरा. बाहेर कितीही धातू उडत असो, दर थोड्या वेळाने आपण आत जातो, माणसाचा श्वास ऐकतो. चिलखत डिजिटल आहे की खरं, ही शंका यायला उसंतच मिळत नाही. पहिल्या चाचण्यांत तो अडखळतो, भिंतीवर आदळतो, त्यामुळे वजनही आधीच पटलेलं असतं.

चौथी_भिंत

'मिस्टर इंडिया' आणि 'आयर्न मॅन' दोन्हींना अनुमोदन.

'हल्क' पुन्हा बघितला, मोशन स्मूदिंग बंद करून. त्वचेचं मान्य. जवळच्या शॉटमध्ये डोळ्यांभोवतीची कातडी खरंच जिवंत आहे. पण माझा आक्षेप वजनाचा आहे आणि तो निशाचर यांच्याच मापाने आहे. रणगाड्याची नळी धरून तो रणगाडाच गरगरा फिरवतो, तेव्हा त्याचे पाय वाळूत जितके रुतायला हवेत तितके रुतत नाहीत. इतकं ओझं हातात असताना त्याचा तोल दुसऱ्या बाजूला झुकायला हवा, तो झुकत नाही. शिवाय राग वाढेल तसा त्याचा आकार वाढत जातो, त्यामुळे तो नक्की केवढा आहे याचा अंदाज डोळ्याला बांधताच येत नाही. एका शॉटमध्ये तो रणगाड्याच्या मानाने एवढा, पुढच्यात तेवढा.

अल्फा_चॅनल

तोलाचा मुद्दा बरोबर आहे, तिथे मी वाद घालत नाही. रणगाड्याचा शॉट करताना हातातल्या वस्तूचं वजन आधी ठरवून मग शरीराची हालचाल बेतायला हवी होती.

आकाराबद्दल मात्र अजूनही असहमत. वाढत जाणं ही कथेची मागणी आहे. चूक असेल तर ती मोजपट्टी न दिल्याची. वाळवंटात झाड नाही, दार नाही, माणूस नाही. तोच हल्क सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर मोटारींच्या रांगेत येतो तेव्हा त्याचा आकार लगेच कळतो आणि पटतोही. तेवढा रस्त्यावरचा भाग पुन्हा बघा आणि सांगा.

चौथी_भिंत

बघितला. रस्त्यावरचा भाग पटला. डांबर फोडून तो वर येतो तेव्हा आजूबाजूच्या मोटारी हादरतात, त्यामुळे वजन कळतं. वाळवंटाबद्दल मत तेच.